फिकट भात

"भाऊजी, थांबा. ती गोणी उघडू नका."

पदर खोचून ती बांधावरून जवळजवळ पळतच आली. दीर युरियाच्या गोणीचा टाका उसवत होता.

"पानं वाळायला लागलीत, वहिनी. थोडा जास्त टाकला की जोर धरतील."

तिने त्याच्याच शेतातलं एक पान खुडून त्याच्यापुढे धरलं. पानावर डोळ्याच्या आकाराचे डाग होते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. "करपा आहे हा. युरियाने पान आणखी लुसलुशीत होईल, रोगाला आयतंच खायला."

नवरा गेल्यापासून ती शिवणकामावर घर चालवत होती. नवऱ्याच्या वाट्याचं शेत आता दिरानेच करायचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तिने एक हंगाम मागून घेतला. नाही जमलं तर आपणहून सोडून देईन म्हणाली. शेतीशाळेत पुढे बसून शंका विचारल्या. रोपं वेळेवर टाकली, लावणी सगळ्यांच्या आधी उरकली, युरिया बेताबेताने, हप्त्यांत दिला. दिराची लावणी नेहमीसारखी रेंगाळली आणि युरिया एकदम पडला. त्याचं शेत काळंभोर हिरवं, हिचं फिकट. "वहिनी, भाताला उपाशी ठेवलंत की काय?" तो चारचौघांत विचारायचा. ती हसून वेळ मारून न्यायची.

"आणि तुमच्याकडे?" त्याने विचारलं.

"चला, दाखवते." आनंदाने तिला आवाज आवरेना.

कडेच्या ओळीत थोडे डाग होते. ती आत शिरत गेली, भाताचा एकेक चूड, म्हणजे रोपांचा झुबका, फाकवत गेली, तशी पानं स्वच्छ निघू लागली. साडी पार भिजली तरी तिला भान नव्हतं. "हे बघा. हेही बघा. दव पडायला लागलं तोवर इथली पानं जून झाली होती, भाऊजी. डाग धरलाच नाही. आणि रोपं दाटली नाहीत, वारा खेळतोय मधून."

तिने वळून पाहिलं. तो आपल्या शेताकडे बघत उभा होता.

तिचा आवाज खाली आला. "तुमच्या लोंब्या अजून बाहेर पडल्या नाहीत. आजच करप्याचं औषध फवारलं तर बरंच वाचेल. मी येते ना बरोबर."

दोघांनी मिळून फवारणी केली. कापणीला त्याचं खालच्या अंगाचं भात पळिंजच, दाणा न भरलेलं निघालं, वरचं वाचलं. तिच्या लोंब्या मात्र भारानं वाकल्या होत्या. शेत कोणी करायचं, हा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

पुढच्या हंगामात, अजून कोणी बियाण्याला हात लावला नव्हता, तेव्हा दीर तिच्या दारात आला. "वहिनी, रोपं कधी टाकायची?"

"आधी जमीन बघू," ती मशीनवरून उठत म्हणाली.

बांध अरुंद होता, दोघांना शेजारी चालण्याजोगा नव्हता. तो खाली वळवाच्या चिखलात उतरला आणि त्याने तिला पुढे जाऊ दिलं.