तेज नव्हे, ताप

बायकोच्या तळहातांना हात लावायला लोक जिन्यापर्यंत रांगेत उभे होते आणि नळफिटर छाती फुगवून एकेकाला आत सोडत होता. एरवी गारठलेले तिचे हात आज ऊनऊन होते, चेहरा लालबुंद. खुर्चीत रेललेले तेजबाबा गरजले, "पायाच्या जखमेला माझा लेप लागला आणि आतला अग्नी जागा झाला, अंगावर तेज आलं! पाणी देऊ नका, विझेल!" स्वतः मात्र ते सरबतावर सरबत रिचवत होते.

"अहो, गरगरतंय मला. दवाखान्यात न्या," ती सकाळपासून म्हणत होती.

"चारचौघांत बाबांचा अपमान करू?" त्याने तिलाच दटावलं.

तेवढ्यात गर्दी बघून वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई बॅगेसकट आत शिरल्या. त्यांनी जखम पाहिली, रक्तदाब मोजला. "लघवी कधी झाली?"

"काल," ती पुटपुटली.

"फिटरदादा, इमारतीतले सगळे नळ एकदम सोडले तर?"

"दाब पडतो. वर पाणी चढत नाही."

"तेच झालंय. जखमेतल्या जंतूंच्या कवचाचे तुकडे रक्तात गेलेत. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू ढिले पडले, वाहिन्या रुंदावल्या. म्हणून कातडी लाल, गरम. पण दाब पडला, मेंदूला रक्त पुरेना. वर तुम्ही पाणीही तोडलंत!"

"तेज पेललं नाही, तर देव जवळ घेतो," बाबा चपला शोधत म्हणाले.

"म्हणजे वाचली तर तुमचा लेप, गेली तर देवाची मर्जी! छान!"

फिटरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या घरच्या नळांचा दाब तपासण्यात त्याची हयात गेली होती.

इस्पितळात सलाईन, प्रतिजैविकं आणि वाहिन्या आवळणारं औषध दिल्यावर ती कशीबशी वाचली. हात पुन्हा नेहमीसारखे झाले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बाबांसाठी खुर्ची मांडलीत. माझ्यासाठी एक गाडी नाही बोलावलीत?"



तो घरी आला तर दारात एक बाई उभी. "आमच्या म्हाताऱ्यांच्या अंगावरही तेज आलंय हो. बाबांचा पत्ता द्या ना!"

"तेज नाही ताई, ताप आहे. मी माझ्या बायकोला मारायलाच निघालो होतो," तो खालमानेनं म्हणाला. "अंग तापलं, भोवळ आली, तर आधी डॉक्टर. कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका, दाब मोजून घ्या."

आणि तसाच वळून तो गाडी आणायला धावला.