कपाटाला सांगितलेली कामे

“कोणीतरी आता घांट मारली तर बरा होयत,” सिद्धी कपाटाला म्हणाली.

कपाट करड्या रंगाचे, लोखंडी, तिच्या टेबलासमोरच्या भिंतीला टेकलेले. ते काही बोलले नाही. पण दाराबाहेरच्या स्टुलावरून जयराम शिपाई उठला, खाकी शर्ट खाली ओढला, आणि शाळेची घंटा झाली.

समोरच्या खुर्चीत शाळेचे चेअरमन सगुणबाब बसले होते. त्यांनी आधी सिद्धीकडे, मग कपाटाकडे पाहिले.

“तू कोणाकडे बोललस गे?”

“कपाटाकडे,” सिद्धी म्हणाली. खोटे बोलायची तिला सवय नव्हती.

जयराम तिच्या नवऱ्याचा चुलत थोरला भाऊ. म्हणजे तिचे थोरले भावोजी. त्यांच्या घराण्यात धाकट्याच्या बायकोने थोरल्या भावोजींचे नाव घ्यायचे नाही आणि तोंडासमोर बोलायचे नाही, अशी रीत होती. खरे तर ती आता कोणी पाळत नव्हते. सिद्धीची सासू स्वतःच्या थोरल्या भावोजींसमोर पाय पसरून सिरीयल बघे. पण सिद्धी लग्नानंतर थोड्याच दिवसांत इब्रामपूरच्या या हायस्कुलात क्लार्क म्हणून लागली, आणि पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा पाठवायची वेळ आली. दारात बघते तर भावोजी. तिची जीभ वळेना. शेवटी कपाट उघडल्यासारखे करून ती त्यालाच म्हणाली, “सरांकडे पाव्हणे इल्यात, कोणीतरी चहा नेलो तर बरा होयत.” चहा गेला.

सिद्धी बीएस्सी होती. जी पद्धत चालते ती उगाच बदलायची नाही, हे तिला प्रयोगशाळेत पटले होते. आवाज कपाटाच्या दारावर आपटे आणि ज्या कोनात जाई त्याच कोनात परतून बाहेरच्या स्टुलावर पोचे. प्रकाशाचा हा नियम ती कॉलेजात शिकली होती. थोरल्या भावोजींनाही तो लागू पडतो, हे नोकरीत कळले. जयरामही उत्तर देत नसे. काम झाले की बाहेरून खाकरे.

इतक्या वर्षांत तिने सांगितलेले एकच काम झाले नव्हते. कपाटाचे दार उघडताना कर्रकन वाजे. “कोणीतरी ह्या बिजागरीक तेल घातला तर बरा होयत,” असे ती अधूनमधून सांगे. तोवर पन्हाळ साफ होई, नळाचा वॉशर बदलला जाई, मोडक्या बाकाला खिळा बसे. तेल मात्र कोणी घालत नसे.

आता आधीचे हेडक्लार्क निवृत्त झाले होते आणि ती जागा तात्पुरती सिद्धीकडे होती. कायम करायची की बाहेरचे माणूस आणायचे, हे कमिटीने ठरवायचे होते. ती जागा सिद्धीला हवी होती. काम तर ती तसेही सगळे करत होतीच.

“खाणीर माझ्या ट्रकांचे इतके ड्रायव्हर होते,” सगुणबाब म्हणाले. सुर्ल्याला खाणी चालत होत्या तेव्हा त्यांचे चांगले चालले होते. “एकाकय मी कधी कपाटामार्फत सांगूक नाय. हुकूम देवक जमना नाय ती हेडक्लार्क कसली? त्या पर्वरीच्या ट्रेनिंगाक जा. थंय शिकवतली ती बाई तुझ्याबद्दल काय लिहिता, त्यावर बघुया.”

शाळेच्या कार्यालयीन प्रशासकांसाठी नेतृत्वविकासाचे ट्रेनिंग पर्वरीला होते. पेडणे-डिचोलीचे सगळे क्लार्क एसीत कुडकुडत बसले होते. शिकवायला पुण्याहून कोमल मॅडम आल्या होत्या. तरुण, उत्साही, आणि मनापासून शिकवणाऱ्या.

“नाव, काम, वेळ,” त्या म्हणाल्या. “समोरच्याच्या डोळ्यांत बघा. त्याचं नाव घ्या. काम सांगा. कधीपर्यंत हवंय ते सांगा. झालं नेतृत्व सुरू!”

सिद्धीची जोडी डिचोलीच्या सुविधाशी लागली. तिने सुविधाच्या डोळ्यांत बघून असा काही हुकूम सोडला की सुविधा खरोखरच उठून निघाली.

“किती स्पष्टता आहे तुमच्यात!” कोमल मॅडम म्हणाल्या.

“समोर सुविधा असली तर असते,” सिद्धी म्हणाली.

शेवटी मॅडमनी जाहीर केले, की उद्या इब्रामपूरपासून सुरुवात करून प्रत्येकाच्या शाळेत अर्धा दिवस येऊन त्या हे सगळे प्रत्यक्षात बघणार आहेत आणि अहवाल कमिटीला देणार आहेत.

त्या संध्याकाळी सिद्धीने नवऱ्याला समोर बसवले. परेश तुयेच्या कारखान्यातून नुकताच आला होता आणि चहात उंडो पाव बुडवत होता.

“समज तू भावोजी,” ती म्हणाली. “हं. जयराम—”

उंडो चहात पडला. “हळू गो! आवशीन ऐकला तर आज जेवण मिळाचा नाय.”

“मगे तूच सांग तेंका.”

“काय सांगू? माझी बायल उद्या तुका नावान हाक मारतली, राग मानू नको?”

“होय. तसाच सांग.”

“माका नाय जमाचा,” परेश म्हणाला आणि चहातला उंडो चमच्याने शोधू लागला. जेवण झाल्यावर मात्र तो चप्पल घालून कुठेतरी जाऊन आला. कुठे, ते सांगितले नाही.

दुसऱ्या सकाळी कोमल मॅडम शाळेत आल्या आणि खिडकीकडच्या खुर्चीवर वही घेऊन बसल्या. सिद्धीने सवयीने कपाटाचे दार ओढले. कर्र. तेवढ्यात जयराम आत आला. कार्यालयात काम नसताना तो पहिल्यांदाच आत आला होता. शर्टाला इस्त्री होती, केसांना खोबरेल होते. तो ताठ उभा राहिला.

“गुड मॉर्निंग, मॅडम! काय काम आसा, मॅडम?”

सिद्धीने हातातले कपाटाचे दार सोडले. तिने कपाटाकडे पाहिले. जयरामने दोन पावले सरकून कपाट झाकले. तिने खिडकीकडे पाहिले. तिथे कोमल मॅडम होत्या. तिने पंख्याकडे पाहिले.

“दहावीच्या हॉलातली बाकां...” ती पंख्याला म्हणाली.

“कोणाक सांगतास, मॅडम?” जयरामने नम्रपणे विचारले. मग आवाज अगदी खाली आणून, तोंड कपाटाकडे वळवून पुटपुटला, “नाव घेवक व्हया म्हणे. माका कायएक वाटाचा नाय.”

मॅडमचे पेन थांबले होते. सिद्धीने डोळे मिटले, उघडले आणि समोर पाहिले. इतक्या वर्षांत तिने भावोजींचे डोळे पाहिले नव्हते. ते घारे होते.

“जयराम,” ती म्हणाली. पंखा फिरत राहिला. “...भावोजी. दहावीच्या हॉलातली बाकां मधल्या सुट्टीपर्यंत लावून घेवा.”

“होय मॅडम! मधल्या सुट्टीपर्यंत, मॅडम!”

तो टाच वाजवून वळला आणि फायलींच्या गठ्ठ्याला धडकला.

सकाळभर हेच चालले. “पाणी भरतंय, मॅडम!” “फळो पुसलंय, मॅडम!” आवाज दहावीच्या वर्गापर्यंत जात होता. शेवटी मुख्याध्यापक घाईघाईने पँटमध्ये शर्ट खोचत आले आणि दारातून हळूच विचारू लागले, “इन्स्पेक्शन आसा काय? माका कोणी सांगूक कसा नाय?”

निघताना कोमल मॅडमनी विचारले, “हे नेहमी असेच असतात?”

“नाही,” सिद्धी म्हणाली. “आज तब्येत बरी नसावी.”

“आणि तुम्ही सारख्या कपाटाकडे का बघत होतात?”

“महत्त्वाचं असतं सगळं त्यात.”

मॅडमची गाडी फाटकाबाहेर गेली. सिद्धी आत आली, तिने कपाटाचे दार ओढले. कर्र. “आज कोणाचो तरी घसो सुकलो असतलो,” ती कपाटाला म्हणाली. “गडग्याकडच्या हॉटेलात जावन चहा घेतलो तर बरा होयत.”

बाहेर कोणीतरी खाकरले. सिद्धीने हुश्श केले.

अहवाल चांगला आला. ‘सूचना थेट आणि आदरपूर्वक देतात’ असे त्यात होते. कमिटीने तिला कायम केले. “म्हटलंय नाय?” सगुणबाब सगळ्यांना सांगत सुटले. “ट्रेनिंगान सुदारली!”

शाळेचे वर्ष संपता संपता जयराम निवृत्त झाला. शाल, श्रीफळ, सगुणबाबांचे भाषण, सामोसे झाले. सगळे पांगल्यावर सिद्धी कार्यालय बंद करत होती. तेव्हा खांद्यावरची शाल सावरत जयराम आत आला. त्याच्या हातात शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली होती.

त्याने बिजागऱ्यांवर तेल सोडले. दार पुढे-मागे केले, पुन्हा थोडे तेल सोडले. मग बाटलीला बूच लावत तो बोलू लागला. तिच्याकडे पाठ होती.

“कपाटा,” तो म्हणाला, “तू वाजलस की माका बाहेर कळायचा, बाय आता काय तरी सांगतली. मी हातातला टाकून कान लावन बसायचंय. तेल घातला असता, तर माका कसा कळला असता?”

सिद्धी चावीकडे बघत राहिली.

“आता नवो येतलो तेका नावान हाक मारूक सांग तिका. तुझ्याकडे बोलला तर तेका कायएक कळाचा नाय.”

तिने चावी टेबलावर ठेवली. मग घसा साफ करून ती कपाटालाच म्हणाली, “गणपतीच्या चवथीक कोणीतरी आमच्या घराक येवन जेवलो तर बरा होयत.”

जयराम खाकरला आणि गेला.

जूनमध्ये विशाल आला. हुशार, चटपटीत, दोडामार्गहून मोटरसायकलवर येणारा.

“विशाल,” सिद्धी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “हा तास संपला की घंटा दे. वेळेवर.”

“होय, मॅडम.”

नाव, काम, वेळ. घंटा वेळेवर झाली. सिद्धी उठली आणि तिने कपाटाचे दार ओढले. ते अलगद उघडले. तिने ते लावले, पुन्हा उघडले, आणि हात दारावर तसाच ठेवून थोडी थांबली. बाहेर स्टूल रिकामे होते.