ग्रुपातले सरपंच

गुरुवारी दुपारी काकासाहेब कर्जतला पंचायत समितीच्या आवारात चहा पीत उभे होते, तेव्हा भागवतचा फोन आला. भागवत गावातल्या शाळाखोलीच्या कामावरचा गवंडी.

"दादा, जुनी भिंत बसली. वहिनी खाली हुत्या."

 काकासाहेबांनी चहा तिथंच ठेवून गाडी काढली.

सत्यशीला गावाची निवडून आलेली सरपंच. पण बांधकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपात सरपंच म्हणून नंबर होता तो तिच्या नवऱ्याचा, काकासाहेबांचा. विटा, सळई, स्लॅबचा दिवस, सगळं त्या ग्रुपावर ठरायचं. आसपासच्या गावांतही हीच रीत, म्हणून कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, "मला घ्या की त्या ग्रुपात. सही माझी, अन् कामाचं मला पान्यावरच्या बाया सांगत्यात."

"तिथं सळईचं चालतंय, सरपंचबाई. मसाल्याचं न्हाई."

"मग दुपारी मी जाऊनच बघते."

"जा की. काम काय पळून चाल्लंय?"

नऊ वाजता इंजिनियरनं ग्रुपात लिहिलं, 'जुन्या भिंतीला टेकू नाही. आज आत कुणी जाऊ नये.' काकासाहेबांनी गाडी थांबवून वाचलं, अंगठा टाकला आणि कर्जतची वाट धरली. सरपंचांना कळलं, असं इंजिनियरनं धरलं. घरी एक फोन करावा, हे काकासाहेबांच्या मनातही आलं नाही. दुपारी गवंडी भाकरी खायला गेले होते. सत्यशीला एकटीच आत गेली.

सत्यशीलाच्या तेराव्यानंतर ग्रामसेवक गोरक्षनाथ घरी आला. कारभार आता उपसरपंच दमयंतीबाईंकडं आला होता.

"ग्रुपाचे ॲडमिन तुम्ही आहात. बाईंच्या मालकांचा, अमृतरावांचा नंबर घाला."

"सरपंच कोन? बाई का अमृत?"

"कागदावर बाई. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे."

"व्हय. माझ्यापेक्षा कुनाला माहीत असनार? बाईंचा नंबर आना."

"त्यांच्याकडं फोन नाही."

"मग घेऊ द्या. तवर दुसरा नंबर मी घालनार न्हाई."

संध्याकाळी ते स्वतः अमृतच्या दारी गेले. "वहिनी, ग्रुपात तुमचा नंबर पायजे. माझी बायको तर गेली, आता तुमच्या जिवाचा सवाल हाय."

दमयंतीबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"घरात एक फोन हाय, त्यो माझ्याकडं," अमृत म्हणाला. "काकासाहेब, तुमी दुःखात हायसा. बसा, चहा घ्या."

काकासाहेब बसले नाहीत.

याला महिना झाला. काम बंद आहे. ते दर दोन दिवसांनी त्या दारात जातात. दमयंतीबाईंचा नंबर अजून ग्रुपात आलेला नाही.