माझ्या पोटावरचा उलटा मोजा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला मडकं म्हणायचं नाही. मी बरणी आहे. मातीची, राखेचा मुलामा दिलेली, आणि वयाने तुमच्या पणजीच्या बरोबरीची. काठाचा टवका उडालाय, कुशीत बारीक चीर आहे. त्याची मला लाज नाही. माझ्याइतके फिरा, मग बघू तुमचे किती टवके उडतात ते.

केसाँगजवळच्या एका भट्टीत मी भाजले गेले. कुंभाराने मला बाहेर काढलं, टिचकी मारली आणि कान लावून म्हणाला, "ही बोलकी निघणार." अक्षर मला आजही येत नाही, पण बोलण्यात मी कुणाला हार गेले नाही. त्याच्या मातीचा एक गुण मात्र ऐकून ठेवा, पुढे लागेल. आमच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. आम्ही श्वास घेतो. म्हणून आम्हाला साबण लावायचा नसतो. लावला की तो अंगात मुरतो आणि पोटातल्या जिनसात उतरतो.

बाजारातून मला एका शेतकऱ्याच्या बायकोने घेतलं. तिने माझ्यात सोयाबीनचा खार भरला. दुकानातलं बाटलीतलं काळं पाणी नव्हे. सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करायच्या, हिवाळाभर गवताच्या दोरीने टांगायच्या, वसंतात मिठाच्या पाण्यात मुरवायच्या, तेव्हा कुठे तो खार होतो. आणि नवा खार जुन्यात मिसळायचा, दह्याला विरजण लावतात तसा. बाईच्या सासूच्या सासूपासूनचं विरजण माझ्या पोटात होतं. बाईने स्वतःच्या पावलाच्या मापाचा पांढरा कागदी मोजा कापला आणि माझ्या पोटावर उलटा चिकटवला. आमच्याकडे तशी रीत आहे. वर चढणारी किडामुंगी त्या मोज्याची लाथ खाऊन खाली जाते म्हणतात. मी दिमाखात अंगणात बसायचे.

मग लढाई आली. एकदा आली, गेली, पुन्हा आली. जानेवारीतली ती थंडी. बाईचा नवरा तापाने अंथरुणावर पडलेला. तिने आपल्या सतरा वर्षांच्या लेकीला, ओक-नानला, दारात उभं केलं आणि मला तिच्या पाठीवर बांधलं.

"आई, हे ओझं कशाला? तांदूळ दे ना."

"तांदूळ चार दिवसांत संपतात. तू नदीच्या पलीकडे थांब. बाबांचा ताप उतरला की आठवड्यात येतो आम्ही. आणि हे तळापर्यंत जाऊ देऊ नकोस. थोडं तरी राहिलं पाहिजे."

तो आठवडा अजून संपलेला नाही, मित्रांनो. देशाचे दोन तुकडे करणारी सीमा आली आणि ते घर पलीकडे राहिलं.

गोठलेल्या इम्जिन नदीवरून आम्ही निघालो. मागचा एक माणूस म्हणाला, "ए पोरी, लोक लेकरं पाठीला बांधून पळतायत आणि तू बरणी?"

ओक-नान मागे न बघता म्हणाली, "लेकरू नाही माझ्याकडे. तुमच्या पाठीवर तरी काय आहे, काका?"

त्याच्या पाठीवर घड्याळ होतं, भिंतीवरचं.

तिसऱ्या दिवशी माझा मोठेपणा सगळ्यांना कळला. रस्त्यात कुणाकडे मूठभर भात होता, कुणाकडे जवाचं पीठ, पण मीठ कुणाकडे नव्हतं. ओक-नान चमचाभर खार द्यायची आणि त्या बदल्यात एक घास घ्यायची. त्या घासांवर ती बुसानपर्यंत पोचली. घड्याळवाल्यालाही तिने चमचा दिला. माझ्या पोटात बोटभर खार उरला, तेव्हा तिने हात आखडला. उपाशी झोपली, पण तळाला हात घातला नाही. हे तुम्हाला जमेल का, स्वतःलाच विचारा.

बुसानला ती दर वसंतात माझ्यात नवा खार घालायची आणि अमेरिकन सैन्याच्या धोबीखान्यात कपडे धुवायची. तिथेच तिला माल-सुक भेटली. वर्षाने लहान, ओक-नानला ताई म्हणायची. कुरळे केलेले केस, दिवसभर हसणं, वस्तू कुठेही टाकायची सवय. मला ती अजिबात पसंत नव्हती. धोबीखान्यात गाडी घेऊन येणारा लायल नावाचा एक शिपाई होता. लांब हातांचा, कमी बोलणारा. ओक-नानच्या डब्यातला खार घातलेला भात त्याने एकदा चाखला, डोळ्यांत पाणी आलं तरी पुन्हा हात पुढे केला. मी तेव्हाच ओळखलं.

लग्न झालं तेव्हा गल्लीतल्या बाया तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. परक्या शिपायाची म्हणायच्या, आणखीही काही म्हणायच्या, ते मी सांगणार नाही. ओक-नान ताठ मानेने नळावरून पाणी भरून आणायची. एकदा एकीने तिच्या बादलीत थुंकलं. ओक-नानने ती बादली त्याच बाईच्या दारात नेऊन ठेवली. "तुमची वस्तू राहिली होती," म्हणाली.

छप्पन साली आम्ही जहाजात बसलो. माल-सुकही होती, तिनेही एक शिपाई गाठला होता. चौदा दिवस दोघी ओकत होत्या आणि एकमेकींना हसत होत्या. अमेरिकेच्या धक्क्यावर उतरल्यावर ओक-नानने काय करावं? एक रिकामी बाटली घेतली आणि माझ्या पोटातला अर्धा खार त्या माल-सुकला ओतून दिला.

"ताई, मला कशाला? मी कुठेतरी विसरेन."

"विसरू नकोस. दर वसंतात नवा घालत जा."

मी मनात म्हटलं, गेला. आईचं अर्धं विरजण या उनाड पोरीच्या हाती गेलं. पुढे कितीतरी दिवस मी ओक-नानवर रुसून होते.

कॅन्सासमध्ये लायलच्या आईचं घर होतं. तिचं नाव आयडा. हाडापेराने मोठी, पावलं तर पुरुषासारखी. घर इतकं स्वच्छ की माशीसुद्धा पाय पुसून आत येईल. मला मागच्या ओसरीवर जागा मिळाली. सोयाबीन तिथे पोत्यांनी होतं, पण गुरांसाठी.

"हे आमच्याकडे गुरं खातात," आयडा म्हणाली.

"म्हणून तुमची गुरं तब्येतीने छान," ओक-नान म्हणाली. तिचं इंग्रजी मोडकं होतं, पण जीभ शाबूत होती.

तिने गव्हाच्या काडाने विटा टांगल्या, खार वाढवला, मला गळ्यापर्यंत भरलं आणि स्वतःच्या छोट्या पावलाचा मोजा माझ्या पोटावर चिकटवला. आयडा लांबून बघायची. नाक मुरडायची, पण बोलायची नाही. सुनेला ती वाईट वागवत नव्हती. पाहुण्याला वागवतात तसं वागवत होती. आणि ओक-नान तिला 'मिसेस हॉस्किन्स' म्हणायची.

अठ्ठावन्न सालच्या सप्टेंबरात ओक-नान बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली. आमच्याकडे बाळंतिणीला तिची आई एकवीस दिवस समुद्री शेवाळाचं सूप करून घालते आणि त्यात घरचाच खार पडतो. आई नव्हती. पण ओक-नानने शेवाळाची सुकी जुडी दोन वर्षं जपून ठेवली होती आणि खार माझ्यात होता. जाताना तिने माझ्या झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई येणार नाही. तू आहेस."

ती गेली आणि आयडाने घर घासायला काढलं. बाळ यायचं म्हणून. पडदे धुतले, जमिनी धुतल्या, मग माझ्यापाशी आली. झाकण उघडलं. खारावर पांढरी साय आली होती. येतेच ती, जिवंत असल्याची खूण आहे. आयडाला ती बुरशी वाटली. तिने मला उचललं आणि गुलाबाच्या झुडपाशी पालथं केलं.

मला ओरडता आलं असतं तर सगळा गाव जमला असता. मग उकळतं पाणी, मग ब्रश, मग साबण. मोजा खरवडून काढला. आणि वर काय, तिने माझ्यात बिस्किटं भरली.

सहाव्या दिवशी ओक-नान लेकीला घेऊन आली. बाळ लायलकडे दिलं आणि सूप करायला म्हणून आधी ओसरीवर आली. झाकण उघडलं. एक बिस्कीट उचललं, हुंगलं, परत ठेवलं.

"आतलं सगळं सडलं होतं गं," आयडा म्हणाली. "मी चांगलं तीनदा घासलं."

"कुठे ओतलंत?"

आयडाने बोट दाखवलं. गुलाबाची पानं तोवर करपली होती. ओक-नान तिथे जाऊन बसली. ओंजळभर माती उचलली, हुंगली आणि तशीच मुठीत धरून राहिली. रडली नाही. तेच वाईट होतं.

"मॉम," लायल हळू आवाजात म्हणाला, "ते तिच्या आईच्या हातचं होतं. तिच्याकडे आईचं दुसरं काही नाही. फोटोसुद्धा नाही."

आयडा ओसरीच्या पायरीवर बसली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?"

त्या दिवशी ओक-नानने ती शेवाळाची जुडी पुन्हा कापडात गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली.

दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी आयडाने लायलला विचारलं, "तिची ती मैत्रीण, नाताळला पत्र पाठवणारी, कुठे राहते?"

"ओक्लाहोमात. अडीचशे मैल. का?"

"तिच्याकडे अर्धं आहे म्हणतेस ना?" ती सुनेकडे वळली.

"होतं," ओक-नान म्हणाली. "माल-सुक वस्तू विसरते."

"गव्हाची पेरणी आहे, मॉम, मला निघता येणार नाही," लायल म्हणाला.

"तुला कोण विचारतंय?"

आयडा आयुष्यात कधी तालुक्याबाहेर गाडी घेऊन गेली नव्हती. तिने ट्रकमध्ये गव्हाचं काड अंथरलं, त्यात मला बसवलं आणि निघाली. दोनदा रस्ता चुकली. दोन्ही वेळा रस्त्यालाच बोलली.

माल-सुकने दार उघडलं. केस अजून कुरळेच. सगळं ऐकून तिने कमरेवर हात ठेवले. "साबणाने? आजी, या घरात तरी असं बोलू नका, बरण्या ऐकतील."

"मला आजी होऊन नऊच दिवस झालेत," आयडा म्हणाली. "तुझ्याकडे आहे की नाही तेवढं सांग."

माल-सुक आम्हाला परसात घेऊन गेली. तिथे उन्हात सात बाटल्या ओळीने उभ्या होत्या, दारूच्या, दुधाच्या, मिळतील तशा. प्रत्येकीवर बोटभर लांबीचा कागदी मोजा, उलटा. एकीचं बूच तिने काढलं आणि मला वास आला. केसाँगच्या अंगणाचा.

"मी म्हटलं होतं, विसरेन," माल-सुक म्हणाली. "ताई माझ्या कानात म्हणाली, 'माझ्या घरातलं सगळं एका रात्रीत गेलं. एका ठिकाणी ठेवलेलं जातं, माल-सुक. दोन ठिकाणी असलं तर एक उरतं.' मग कशी विसरणार?"

मित्रांनो, त्या दिवशी मी खजील झाले. अर्धं दिलं म्हणून मी दोन वर्षं रुसले होते, आणि त्या अर्ध्यानेच मला तारलं. ज्या पोरीला मी उनाड म्हटलं तिने सात बाटल्या जपल्या. आणि जिला तो शहाणपणा सतराव्या वर्षी सगळं गमावून आला होता तिला मी उधळी समजले होते. मी तोंडाळ आहे, पण चुकले तर चुकले म्हणते.

पण खार लगेच माझ्यात घालता येत नव्हता. तीन दिवस मला पाण्याने भरून उन्हात ठेवलं, ओतलं, पुन्हा भरलं. पहिल्या दिवशी वर फेस आला. आयडा त्या फेसाकडे बघायची आणि लाल व्हायची. तिसऱ्या दिवशी माल-सुक म्हणाली, "आता चाटा."

"काय?"

"आतून चाटून बघा. साबण लागला तर अजून एक दिवस."

आयडाने रस्त्यावर कुणी नाही ना ते पाहिलं, बोट ओलं करून माझ्या पोटात फिरवलं आणि तोंडात घातलं. "माती लागते."

"झालं मग. बरणीला बरणीची चव आली."

ट्रकमधलंच काड पेटवून, आत बुरशी धरू नये म्हणून, त्याच्या धुरावर मला पालथं धरलं. मग माल-सुकने चार बाटल्या माझ्यात रिकाम्या केल्या आणि आयडाला सूप शिकवलं. तोंडी, कारण दोघींनाही लिहिण्याचा कंटाळा.

एकविसाव्या दिवसाला आठवडा बाकी असताना आम्ही घरी पोचलो. आयडाने सुनेला अंथरुणातून उठू दिलं नाही. शेवाळ भिजवलं, नाक दाबून शिजवलं, माझ्यातून चमचाभर खार घातला, धीर करून अजून एक घातला. वाडगा घेऊन गेली आणि दारातच उभी राहिली.

ओक-नानने पहिला घोट घेतला. मान खाली घालून सगळं पिऊन टाकलं. मग म्हणाली, "खारट झालंय, मॉम."

"मग ठेव. दुसरं करते."

"नको," तिने रिकामा वाडगा पुढे केला. "यातलंच अजून द्या."

संध्याकाळी आयडा कात्री आणि पांढरा कागद घेऊन ओसरीवर बसली. तिने बूट काढला, मोठं पाऊल कागदावर ठेवलं, पेन्सिलने आखलं, कापलं आणि माझ्या पोटावर उलटं चिकटवलं. जवळजवळ सगळी मीच झाकले गेले. ओक-नान खिडकीतून बघत होती. हसली. बाळ झाल्यापासून पहिल्यांदा.

आता मी रिकामी असते. चीर पडल्यापासून खार माझ्यात टिकत नाही. पण तो संपलेला नाही, ओक-नानने आयुष्यभर अर्धा-अर्धा करून कितीतरी घरांत पोचवलाय. तेव्हा माझं एवढंच मागणं, मित्रांनो. कुणाची जुनी वस्तू दिसली तर घासण्याआधी विचारा. आणि तुमच्याकडे जपण्यासारखं काही असेल तर कवटाळून बसू नका, अर्धं कुणाला तरी द्या.

आयडा जाऊन वीस वर्षं झाली. ओक-नान थकलीये, पण दर वसंतात माझ्यावरचा मोजा बदलते. कागद नवा असतो. नात विचारते, "आजी, तुझं पाऊल तर एवढंसं आहे, मग मोजा एवढा मोठा का कापतेस?"

"हेच माप आहे," ओक-नान म्हणते, आणि कात्री चालवत राहते.