शून्य म्हणजे झालं

कडून: पंप
कडे: फाइल सर्व्हर
निरोप: औषध दिलं. नोंद कर.
उत्तर:

उत्तर नाही. पंप वाट बघतोय. त्याच्याबरोबर प्रयोगशाळेत उभे असलेले चार शहाणे लोकही वाट बघताहेत, आणि शहाणे असल्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतोय.

पंप म्हणजे रुग्णाच्या खाटेशेजारी उभा राहून थेंब थेंब औषध देणारा डबा. थेंब सोडणं त्याला झकास जमायचं. घोडं पेंड खायचं ते नोंदीपाशी. दिलेल्या औषधाची नोंद करायला म्हणून तो जायचा आणि अधूनमधून तिथेच गोठायचा. पडदा मख्ख, बटणं मख्ख. नोंद झाली की नाही हे कळलं नाही, तर पुढच्या पाळीची नर्स तेच औषध पुन्हा देणार. औषध हृदयाचं. ते दोनदा दिलं की हृदयाला पुढे कशाचीच गरज उरत नाही.

"लायब्ररीत काहीतरी आहे," भाऊ म्हणाला.

भाऊ कोणाचाच भाऊ नव्हता. तो फाइल सर्व्हर लिहायचा, आणि काही बिघडलं की "लायब्ररीत काहीतरी आहे" असं म्हणायचा.

लायब्ररी मधलीची होती.

*

आता हे मधली प्रकरण. साध्या संगणकात कर्नल नावाचा एक कर्ता पुरुष असतो. फाइली, पडदा, आवाज, सगळं तोच बघतो, आणि तो आडवा झाला की घर बसतं. म्हणून या कंपनीने मायक्रोकर्नल घेतला होता. मायक्रोकर्नल जवळजवळ काहीच करत नाही. तो एकाचा निरोप दुसऱ्याला नेऊन देतो. फाइलींचं काम फाइल सर्व्हर बघतो, आवाजाचं आवाज सर्व्हर, आणि प्रत्येक जण आपापल्या खोलीत दार लावून बसतो. एक मेला तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. ही रचना फार सुरक्षित समजली जाते. ज्या कार्यालयात ती लिहिली गेली, तिथेही लोक तसेच बसायचे.

पंपाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. तो सी भाषेत, बापजाद्यांपासून चालत आलंय तसं, "लिही" म्हणतो आणि मोकळा होतो. कोणी लिहायचं, कोणाच्या दारात जायचं, हे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात बसलेल्या सी लायब्ररीने बघायचं. ती निरोप बांधते, कर्नलच्या हातात ठेवते, उत्तराची वाट बघते, आणि आलेलं उत्तर पंपाला सांगते. या धंद्यात शून्य म्हणजे झालं आणि उणे एक म्हणजे नाही झालं. सगळ्यांना सगळं ऐकवायचं आणि स्वतः काही करायचं नाही, अशी ही मधली जागा. ती लिहिणाऱ्या बाईला कार्यालयाने नाव ठेवलं मधली. तिने तक्रार केली नाही. तक्रार कोणाकडे पाठवायची, हेही तिलाच ठरवावं लागलं असतं.

कर्नल लिहिणारे गृहस्थ वयाने सगळ्यांत मोठे. त्यांना निर्विकार म्हणत. त्यांच्या कर्नलमध्ये आजवर एकही चूक सापडली नव्हती, आणि ते हे नम्रपणे, रोज सांगत. ज्याच्या हातात काही नसतं त्याच्या हातून काही सांडत नाही.

चौथे मॅनेजर. तारीखसाहेब.

"गुरुवारी हॉस्पिटलचे लोक येताहेत," तारीखसाहेब म्हणाले.

"सर, आधी कारण सापडू दे," मधली म्हणाली.

"कारण सापडेल गं. कारण कुठे पळून जातंय? गुरुवार जातोय." त्यांनी गोठलेल्या पंपाला टिचकी मारली. "तू असं कर. उत्तर आलं नाही, किंवा वाकडं आलं, तरी लायब्ररीने वर शून्य द्यायचं. पंप पुढे जाईल."

"म्हणजे नोंद झाली नसताना झाली म्हणायचं?"

"तेवढ्यापुरतं."

"औषधाच्या नोंदीत तेवढ्यापुरतं म्हणजे कसं, सर?"

"हे बघ, शब्दात पकडू नकोस."

निर्विकार खिडकीबाहेर बघत म्हणाले, "निरोप तर मी पोचवला होता."

"आणि मी तर उत्तर द्यायला बसलेलोच असतो," भाऊ म्हणाला. "लायब्ररीत काहीतरी आहे."

तारीखसाहेबांनी मग शेवटचं अस्त्र काढलं. बाहेर एक तयार लायब्ररी विकत मिळते. ती प्रश्न विचारत नाही. मधलीने गुरुवारपर्यंत एवढी एक ओळ घातली नाही, तर शुक्रवारपासून ती विकतची लायब्ररी पंपात बसेल, आणि मधली माहितीपुस्तिका लिहायला बसेल.

"शुक्रवार म्हणजे परवाच्या परवा," ते म्हणाले. तारखांच्या बाबतीत ते फार काटेकोर.

*

कडून: बाबा
कडे: मधली
निरोप: फोन बिघडलाय. घरी येताना दुकानात दाखवू या.
उत्तर: काय झालं बाबा?

मधली घरी पोचली तेव्हा बाबा खुर्चीत बसून फोनकडे, फोन उसने पैसे घेऊन विसरलाय अशा नजरेने बघत होते.

"सकाळपासून बिझी लागतोय."

"कोणाला लावताय?"

"मलाच."

"म्हणजे?"

"अगं, घंटी नीट वाजते का ते बघायला. माझ्या नंबरवर माझ्याच फोनवरून लावला. लावावं तेव्हा बिझी. एवढा कोणाशी बोलतोय मी?"

"बाबा, स्वतःला फोन लावलात तर बिझीच लागणार ना! तुम्हीच तर लावताय."

"मग काय, उगीच दुसऱ्या कोणाला त्रास द्यायचा घंटी बघायला?"

गोष्टींमध्ये अशा वेळी नायिकेच्या डोक्यात लख्ख उजेड पडतो, ती हातातलं टाकून कार्यालयाकडे धावते, आणि बाबा कौतुकाने बघत राहतात. मधलीच्या डोक्यात काहीही पडलं नाही. तिने स्वतःच्या फोनवरून बाबांना फोन लावला, घंटी वाजली, बाबांनी तो उचलून समोर बसलेल्या मुलीला "हॅलो, कोण?" असं विचारलं, आणि दोघं जेवायला बसली.

*

कडून: मधली
कडे: निर्विकार
निरोप: सर, एक विचारायचं होतं.
उत्तर: विचार.

बुधवारी पंप पुन्हा गोठला. मधलीने या वेळी त्याला बंद करू दिलं नाही. गोठलेला पंप बंद करून पुन्हा चालू करायचा, आणि चालू झाला की तो सुधारला असं मानायचं, ही तिथली उपचारपद्धती होती. ती उठून निर्विकारांच्या टेबलापाशी गेली.

"सर, कर्नलला माहीत असतं का, की या क्षणी कोण कोणाच्या उत्तराची वाट बघतंय?"

"असतं की. त्याला तेवढंच तर माहीत असतं."

"मग बघता?"

निर्विकारांनी चष्मा पुसला, दोन कळा दाबल्या आणि भविष्य सांगावं तसं वाचलं, "पंप वाट बघतोय फाइल सर्व्हरची."

"हं. आणि फाइल सर्व्हर?"

"फाइल सर्व्हर वाट बघतोय," ते थांबले, "फाइल सर्व्हरची."

इथे गोष्टीने थांबायला हवं. पुढचं वाक्य यायचं असेल तर आधीच्या वाक्याने उत्तर द्यायला हवं, आणि आधीचं वाक्य म्हणतंय की मी पुढच्या वाक्याची वाट बघतोय.

"बाबा!" मधली म्हणाली.

"काय?" निर्विकार म्हणाले.

"काही नाही, सर. हे तुम्हाला पहिल्यापासून दिसत होतं?"

"दिसत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुठे कोणी?"

भाऊच्या कोडमध्ये ती ओळ सापडायला वेळ लागला नाही. डिस्क भरत आली की भाऊचा फाइल सर्व्हर, सज्जन माणसासारखा, एक इशारा छापायचा: जागा संपत आली. छापण्यासाठी त्याने लायब्ररीचंच "छाप" वापरलं होतं. लायब्ररीने नेहमीप्रमाणे निरोप बांधला. इशारे जातात फाइलीत. फाइल म्हणजे फाइल सर्व्हर. निरोप गेला फाइल सर्व्हरच्या दारात. पण फाइल सर्व्हर दारात नव्हता, तो आपल्या उत्तराची वाट बघत बसला होता. त्याच्यामागे पंप रांगेत. दार वाजवणारा तोच, आणि दार उघडायचाही तोच.

"मी साधं छाप म्हणालो," भाऊ म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुझ्या लायब्ररीने ते मलाच का पाठवावं?"

"तिला काय ठाऊक ती तुझ्या पोटात बसलीय ते? सर्व्हरच्या आत हे वापरू नका, असं मी त्या बैठकीत म्हणाले होते."

"कोणत्या?"

"तू ज्यात 'बघू' म्हणालास."

"मग उगीच वेगळं काहीतरी लिहून कोणाला त्रास द्यायचा, म्हणून म्हटलं तयार आहे तेच वापरू."

मधलीने याच्याआधी हेच वाक्य कोणाच्या तोंडून ऐकलं, ते भाऊला सांगितलं नाही. बाबांचा अपमान झाला असता.

*

आता कोणालाही वाटेल की भाऊने ती ओळ काढायची आणि विषय संपला. पण ज्याला तसं वाटतं त्याने मंजुरी नावाचा प्रकार पाहिलेला नाही. भाऊच्या भागाला मंजुरी मिळाली होती. मंजूर भागातल्या चुकीला हात लावला, तर मंजुरी पहिल्यापासून घ्यावी लागते. चुकीला हात लावला नाही, तर ती मंजूर चूक असते. मंजुरी अजून बाकी असलेला, म्हणून उघडा, असा भाग एकच होता. लायब्ररी.

मधलीने लायब्ररीत बदल केला. निरोप पाठवण्याआधी लायब्ररी आता बघणार, की आपण ज्याला निरोप पाठवतोय तो आपणच तर नाही ना. असलो, तर न पाठवता तिथल्या तिथे उणे एक. भाऊचा इशारा छापला जाणार नाही, पण भाऊ अडकणारही नाही. पंप उरलेला दिवस चालला. गोठला नाही.

"उत्तम!" तारीखसाहेब म्हणाले. "आणि ती दुसरी ओळ? वाकडं उत्तर आलं तर शून्य?"

"ती नाही घातली."

"राहिली?"

"नाही सर. घालणार नाही."

भाऊने मान खाली घातली. निर्विकार होते तसेच राहिले.

"अगं, आता अडकतच नाही ना, मग घालायला काय हरकत आहे? वापरली जाणारच नाही."

"वापरली जाणार नसेल तर नसायलाही हरकत नाही, सर."

"तू ना..." तारीखसाहेबांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला. "लायब्ररी तुझी आहे, पंप कंपनीचा आहे."

"आणि हृदय तिसऱ्याच कोणाचं तरी," मधली म्हणाली. ती पाणी प्यायली. "उत्तर आलं तसं मी पुढे देणार. मी माझ्या मनाने 'झालं' म्हणाले, तर मग मधे मी कशाला हवी?"

"तेच म्हणतोय मी," तारीखसाहेब म्हणाले. "शुक्रवारी बोलू."

*

कडून: पंप
कडे: फाइल सर्व्हर
निरोप: औषध दिलं. नोंद कर.
उत्तर: उणे एक

हे घडलं गुरुवारी, सगळ्यांच्या देखत.

हॉस्पिटलमधून तीन जण आले होते. दोघे कोटातले, ते यंत्राचा रंग बघत होते. तिसऱ्या हेड सिस्टर, पांढऱ्या बुटांतल्या, त्या काहीच बघत नव्हत्या. टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि मनगटावरच्या घड्याळाने स्वतःची नाडी मोजत असाव्यात इतक्या कंटाळलेल्या दिसत होत्या. भाऊच्या इशाऱ्याचं तोंड मधलीनेच बंद केलं होतं. त्यामुळे चाचण्यांच्या कचऱ्याने डिस्क गपगार भरत गेली, आणि नेमकी त्या वेळी भरली. जागा नाही, असं फाइल सर्व्हर म्हणाला. उणे एक, असं लायब्ररी म्हणाली. पंपाने बीप केलं आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: औषध दिलं. नोंद झाली नाही.

मधलीने लाल अक्षरं पुन्हा वाचली. तिला पहिल्यांदा वाटलं, एक ओळ होती. फक्त एक ओळ.

तारीखसाहेब तिच्याकडे बघत, पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू तसंच तोंडावर ठेवून, म्हणाले, "हे, आपलं, हे आम्ही मुद्दाम—"

तोवर हेड सिस्टर टेबलापासून सुटल्या होत्या. त्यांनी पडदा वाचला. खिशातून चिकटपट्टीचं बंडल काढलं, दाताने तुकडा तोडला, औषधाच्या पिशवीवर चिकटवला, आणि पेनाने त्याच्यावर औषध, मात्रा, वेळ लिहून खाली सही ठोकली. एवढं होईपर्यंत बाकीचे लोक उभेच होते.

"आमचा जुना पंप असं कधी म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

"बघा ना!" तारीखसाहेब घाईने म्हणाले. "म्हणजे, आम्हीही हे काढणारच—"

"तो नेहमी झालं म्हणतो. मागच्या महिन्यात नोंद सापडली नाही, म्हणून एका आजोबांना औषध दोनदा गेलं. वाचले ते, पण मी नाही त्या रात्रीपासून झोपले नीट." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे काढू नका. कोणी बसवलंय?"

तारीखसाहेबांनी तोंड उघडलं. मधलीने हात वर केला, शाळेतल्यासारखा, अर्धाच.

"असंच ठेवायचं, बाई. आणि बीप मोठं करा. वॉर्डात टीव्ही चालू असतो."

"आवाज माझ्याकडे नसतो, सिस्टर. आवाज सर्व्हर वेगळा आहे."

"असेल. कोणाकडे आहे? यांच्याकडे?"

"मी फक्त निरोप पोचवतो," निर्विकार म्हणाले.

"मग तुम्ही?" सिस्टर भाऊकडे वळल्या. "तुमच्याकडे काय असतं?"

भाऊने घसा साफ केला. "मी नोंदी ठेवतो."

सिस्टरांनी पिशवीवरच्या चिकटपट्टीकडे पाहिलं, मग भाऊकडे पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि बंडल त्याच्या हातात ठेवलं.