बदलीची गाडी

सीट मागे सरकवायचा दांडा ओढला तसा तो भुजंगप्पांच्या हातातच आला. मेलेली पाल शेपटीला धरून बाहेर टाकावी तसा तो त्यांनी खिडकीतून बाहेर धरला आणि फरहानच्या हातात दिला.

“हे तुमचं सामान घ्या.”

फरहान शोरूमच्या वर्कशॉपचं काम बघायचा. गळ्यात पट्टा, काखेत फॉर्मांची फाइल. त्याने वाकून दांडा जागेवर बसवला आणि सीट दोनदा मागे-पुढे करून दाखवली.

“बसला शेठ. जरा हळू ओढायचा.”

“गाडी हाय का काचेचं भांडं?”

फरहान हसला नाही, रागावलाही नाही. बारा दिवसांत तो भुजंगप्पांना सरावला होता.

भुजंगप्पांची स्वतःची गाडी मागच्या शेडमध्ये तोंड उघडं टाकून उभी होती. काळी, उंच, सात माणसांची. जळकोटहून नांदेडला येताना मुखेडच्या अलीकडे रानडुक्कर आडवं आलं आणि समोरचा सगळा भाग आत गेला. एक सोडून बाकी सामान मिळालं. ते एक पुण्याहून निघालं होतं. पहिल्या दिवशी निघालं होतं, पाचव्या दिवशी निघालं होतं, आजही निघालेलंच होतं.

“पायी येऊन राहिलं का ते?” भुजंगप्पांनी विचारलं होतं.

तोवर शोरूमने वापरायला बदलीची गाडी दिली होती. पहिली पांढरी. तिचा हॉर्न दाबला की शेळीचं करडू ओरडल्यासारखा आवाज यायचा. जळकोटच्या चौकात एका म्हशीने त्या आवाजाकडे मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. रस्ता दिला नाही. चौथ्या दिवशी भुजंगप्पांनी गाडी परत आणून लावली आणि किल्ली टेबलावर आपटली.

दुसरी गॅसवर चालणारी. डिकीत टाकी, त्यामुळे डिकी नावालाच. माहूरला देवीला जाताना त्यांच्या बायकोने, चतुराबाईंनी, नारळांची पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली सगळं मांडीवर घेतलं. घाटात एसी बंद केल्याशिवाय गाडी वर चढेना. यात्रेकरूंनी भरलेला एक टेम्पो मागून आला आणि त्यांना टाकून पुढे गेला. टेम्पोतल्या बायांनी चतुराबाईंना हात केला. चतुराबाईंनीही केला. भुजंगप्पा नाकासमोर बघत राहिले.

“बसायला सोपी हाय पण,” चतुराबाई म्हणाल्या.

“बैलगाडी बी सोपी असती.”

त्यांना सगळ्यात किळस यायची ती या गाड्यांच्या आतल्या वासाची. कुणाचं अत्तर, कुणाचा गुटखा, कुणाच्या लेकराने मागच्या काचेवर चिकटवलेला वाघ. ज्याने ज्याने गाडी वापरली त्याने आपापला थोडा कचरा तिच्यात ठेवला होता. धर्मशाळेची चादर पांघरावी तसं त्यांना होई. असल्या गाडीत माणसं आनंदाने बसतात, हे त्यांना पटतच नसे. परवडत नाही म्हणून बसत असतील. परवडत नाही, तर घरी बसावं.

आणि आता ही तिसरी. लाल. हिला गियरच नव्हते. डाव्या पायाला काही काम नाही, तो सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता पसरून बसलेला. पण खरी गोष्ट दारांवर होती. दोन्ही दारांवर पिवळ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘गाडी तात्पुरती, साथ कायमची.’ खाली शोरूमचा फोन नंबर.

“हे पुसता येत न्हाई का?”

“न्हाई शेठ. नियम हाय.”

“मंग मला बी एक पट्टा द्या गळ्यात. तुमची जाहिरातच करत फिरायची तर नीट फिरतो.”

जळकोटला त्यांचं आडत दुकान. गाडी दुकानासमोर लावायची त्यांची तीस वर्षांची सवय, पण ही त्यांनी गोदामाच्या मागे, पोत्यांच्या थप्पीआड लावली. उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी हमाल आपसात बोलत होते, “तात्पुरते आले का?” ते ‘तात्पुरते’ म्हणजे कोण, हे कळायला भुजंगप्पांना अर्धा दिवस लागला. नंतर पानपट्टीवाल्याने ते अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “शेठ, ह्या नंबरावर लावलं तर तुम्हीच उचलता का?”

काळ्या गाडीतून दुसऱ्यांच्या गाड्यांचे टप दिसायचे. या लाल गाडीतून उसाच्या ट्रॉलीचे टायर दिसत. रस्त्यावर कोणी बाजूला होत नव्हतं. मोटारसायकलवाले उजवीकडून घुसत, डावीकडून घुसत आणि जाताना दारावरचं वाचत जात.

गुरुवारी ते लातूरला निघाले. दर गुरुवारी ते तिथल्या मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, जात, त्यात खंड पडला नव्हता. डिकीत मावेनात म्हणून सोयाबीन आणि तुरीच्या नमुन्याच्या पिशव्या त्यांनी मागच्या सीटवर टपापर्यंत रचल्या. दहा वाजले होते. त्यांच्या मूळ गावाच्या फाट्यावर, लिंबाच्या सावलीत, पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस उभा होता. गाडी जवळ आली तसा तो सावलीतून पुढे आला आणि त्याने हात केला.

काळ्या गाडीला आजवर कोणी हात केला नव्हता. केला असता तरी ती थांबली नसती. पण या डब्याची काय इज्जत राखायची, असं काहीतरी भुजंगप्पांच्या मनात आलं आणि त्यांनी ब्रेक दाबला. समोरून ऊन डोळ्यांत येत होतं. काच खाली गेली तेव्हा त्यांना दिसलं, गुरुबसप्पा होता. त्यांचा धाकटा भाऊ.

सात वर्षं दोघं बोलले नव्हते.

भांडण असं झालंच नव्हतं. गुरुबसप्पाच्या मुलीच्या, उज्वलाच्या लग्नात त्याची जुनी जीप नवरीला घेऊन मांडवाच्या तोंडाशी बंद पडली. चौघांनी ढकलली. त्यात गुरुबसप्पा स्वतः होता, नवा फेटा सावरत. भुजंगप्पा वरपक्षाच्या मंडळींत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, “चालत निघाली असती तर पोरगी आतापर्यंत सासरी पोचली असती.” सगळे हसले. नवरदेवही हसला. गुरुबसप्पाने ते ऐकलं, जीप ढकलत आत नेली, सगळ्यांना जेवू घातलं, पोरीची पाठवणी केली आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं सोडलं. काळी गाडी फाट्यावरून जाताना दिसली की तो तोंड रानाकडे करून उभा राहायचा. एवढ्याशा बोलण्याचं एवढं, असं भुजंगप्पा म्हणायचे. थट्टा सोसायला अंगात काही लागतं, तेच या माणसात नाही, म्हणायचे.

गुरुबसप्पा वाकला. त्याने आत पाहिलं. मागे सरला नाही.

“लातूर का?” भुजंगप्पांनी विचारलं.

“हाव.”

“बस न्हाई आली?”

“कुठली बस,” रस्त्याकडे बघत तो म्हणाला. मग, जरा थांबून, बायकोचं नाव घेत, “महादेवीला ॲडमिट केलंय. पित्ताच्या पिशवीचं आप्रेशन हाय. रात्री ढोरं बघायला आलतो. दोनला आत घेणार म्हणून राहिले.”

“बस.”

गुरुबसप्पाने मागचं दार उघडायला हात नेला. काचेतून पिशव्या दिसल्या. तो पुढच्या दाराकडे आला आणि कापडी पिशवी पोटाशी धरून बसला. गाडी एवढीशी, की दोघांचे खांदे जवळजवळ टेकले. भुजंगप्पांनी गाडी पुढे घेतली तशी ती टुं टुं ओरडायला लागली.

“काय म्हणती ही?”

“पट्टा लाव म्हणती.”

गुरुबसप्पाने पट्टा ओढला, तो अडकला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. गाडी ओरडतच राहिली. भुजंगप्पांनी ती कडेला घेतली, अंगावरून हात नेऊन पट्टा हळूहळू ओढून काढला आणि खाली खटकन बसवला. धाकट्याच्या कपाळावरची विभूती इतक्या जवळून त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. कानावरचे केस सगळे पांढरे झाले होते.

उदगीर मागे पडलं.

“घेतली का ही?” गुरुबसप्पाने विचारलं.

“म्या? ही?” भुजंगप्पांना मनापासून लागलं. “शोरूमची हाय. माझी दुरुस्तीला. डुक्कर आडवं आलं.”

“डुकराचं काय झालं?”

“गेलं उठून.”

गुरुबसप्पाने मान हलवली. “आन् गाडी पंधरा दिवस झोपून.”

भुजंगप्पांनी तिरप्या डोळ्याने पाहिलं. धाकट्याचा चेहरा सरळ होता. मग पुढच्या चढावर गाडीचा आवाज वाढला, वेग तेवढाच राहिला.

“दम लागला का हिला?”

“हिला उतारावर बी लागतो.”

नळेगावच्या गतिरोधकावर समोरचा कप्पा आपोआप उघडला आणि गुरुबसप्पाच्या गुडघ्यावर आदळला. आतून एक कंगवा, कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स आणि अर्धा खाल्लेला बिस्किटपुडा त्याच्या मांडीवर पडला. त्याने एकेक वस्तू निरखून परत आत ठेवली आणि कप्पा लावला. तो पुन्हा उघडला. पुन्हा लावला.

“ही गाडी देणाऱ्याला पुलाखाली झोपवायला पायजे,” भुजंगप्पा म्हणाले.

“हिच्यातच झोपवा. तेवढं बास हाय.”

भुजंगप्पांच्या नाकातून हसू बाहेर पडलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. पुढे दोघांनी मिळून गाडीची साल काढली. हॉर्नची, आरशाची, एसीतून येणाऱ्या ओल्या पोत्यासारख्या वासाची. दारावरच्या ओळीबद्दल मात्र गुरुबसप्पाने एक शब्द काढला नाही. कप्पा गुडघ्याने दाबून धरून तो बसला होता.

“माझ्या जीपचं दार म्या असंच धरून बसायचो,” तो म्हणाला.

भुजंगप्पांनी वेग कमी केला, कारण नसताना.

“हाय का अजून?”

“इकली. त्याच साली.”

समोर ट्रकही नव्हता, गतिरोधकही नव्हता. भुजंगप्पांनी एसीचं बटण फिरवलं, पुन्हा होतं तिथे आणलं. लातूर येईपर्यंत त्यांचा हात त्या बटणावरच होता.

फाटकाशी उतरवून मोंढ्यावर जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पण दवाखान्याच्या वॉचमनने दारावरचं वाचलं आणि काठी दाखवली. “शोरूमवाले का? तुमची गाडी मागं लावा, हितं पेशंटची जागा हाय.” एरवी भुजंगप्पांनी त्याला त्याची जागा दाखवली असती. त्यांनी गाडी मागे नेऊन लावली. गुरुबसप्पाला पट्टा सोडवेना, तो त्यांनी सोडवला.

“पाच मिनिटं येतो वर,” ते म्हणाले.

वॉर्डात महादेवी हिरवा गाऊन घालून बसली होती. उज्वला रिपोर्ट आणायला खाली गेली होती. भुजंगप्पांना बघून महादेवीने हाताशी असलेली चादर डोक्यावर घेतली.

“आलात भावजी.”

जसं काही ते रोज येत होते. गुरुबसप्पाला नर्सने टेबलाकडे बोलावलं, तो पिशवी ठेवून गेला. भुजंगप्पा पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

“लई दुखतंय का?”

“आता न्हाई. भ्या वाटतंय जरा.” ती थोडा वेळ चादरीचं टोक वळत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्या ह्यास्नी फोनवर म्हणलं, आठच्या बसनं या, उशीर नगं. ऐकलं न्हाई. आठची जाऊ दिली, नऊची जाऊ दिली. म्हणले, आज गुरुवार हाय. लाल गाडी लातूरला जाती, तिलाच हात करतो.”

भुजंगप्पांनी मान वर केली.

“म्हणलं, आन् न्हाई थांबली तर? तर म्हणले, थांबल. लोक सांगून राहिले, त्या गाडीत अण्णा खाली बसलेला दिसतो.”

तिला हसू आलं. तिने हाताने कूस दाबून धरली आणि तशीच हसत राहिली. खिशात भुजंगप्पांचा फोन वाजायला लागला, मोंढ्यावरून असणार. त्यांनी बाहेर काढून न बघताच तो बंद केला, आणि पलंगाखालचं स्टूल पायाने ओढलं.

गुरुबसप्पा परत आला तेव्हा ते स्टुलावर बसलेले होते. त्याच्या हातात ऑपरेशनच्या संमतीचा छापील कागद होता. त्याने महादेवीकडे पाहिलं, मग मोठ्या भावाकडे. महादेवी खिडकीबाहेर बघायला लागली.

“दोघांच्या सह्या मागतात,” तो म्हणाला. “एक माझी झाली. दुसरी घरच्याच माणसाची पायजे म्हणं. उज्वला आली की घेतो, तुझा खोळंबा होईल.”

“आण इकडं.”

भुजंगप्पांनी कागद मांडीवर घेतला. चष्मा खाली गाडीत राहिला होता. त्यांनी कागद लांब धरला, डोळे बारीक केले. नाव लिहिलं, गाव लिहिलं, जळकोट आधी लिहिलं आणि खोडून मूळ गावाचं नाव लिहिलं. त्याखाली एक रिकामी रेघ होती, तिच्यावर त्यांचं पेन थांबलं.

“हितं काय इचारलंय?”

गुरुबसप्पा त्यांच्या खांद्यावरून वाकला आणि त्याने रेघेवर बोट ठेवलं.

“नातं.”

“काय लिहू?”

“हाय ते लिही, अण्णा.”

पेन लवकर चालेना. भुजंगप्पांनी ते दोनदा झटकलं, आणि सावकाश, शाळेत पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरांत लिहायला लागले.