आज हत्यारांना हात लावायचा नसतो

मी सातपूरच्या एका पत्र्याच्या शेडमधला कॉम्प्युटर बोलतोय. दयामाया मला नाही, तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल या आशेनं कुणी बसू नये. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप सारखा झळकायचा आणि माणसं तो रोज हटवायची. त्यापायी काय झालं, तेवढंच सांगणार आहे. तुमच्याही पडद्यावर तसा एखादा असेल आणि तुम्हीही तो हटवत असाल. म्हणजे आपली ओळख तशी जुनीच.

जन्म माझा थाटामाटात झाला नाही. महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात कुणाचं हे, कुणाचं ते जोडून मला उभं केलं. धनराजशेठनी रिक्षात मला मांडीवर धरून सातपूरला आणलं. त्यांचा छोटा कारखाना. दुचाकीच्या सीटखाली बसणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या इथे प्रेसखाली वाकवतात आणि एका मोठ्या कंपनीला देतात. देवव्रत नावाच्या इंजिनियरनं एक प्रोग्रॅम लिहून मला त्या प्रेसला जोडलं. पायाखालचं पेडल दाबलं की निरोप माझ्याकडे येतो, मी प्रेसला सांगतो, आणि वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो. एवढंच माझं काम. ते मी कधी चुकवलं नाही.

देवव्रत पुढे दुबईला गेला. जाताना म्हणाला, "शेठ, चालतंय तोवर याला हात लावू नका." शेठनी हे वाक्य मंत्रासारखं पाठ केलं.

प्रेसवर झुंबरबाई बसायची. पेठ तालुक्याकडची. आधी नवऱ्याच्या जोडीनं द्राक्षबागांत कामाला यायची, नवरा गेला आणि ती इकडे लागली. कामाला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. सकाळी आली की माझ्या डोक्यावर टपली मारायची. "आरं, उठला का नाय? का शेटवानी चहा पिल्याबगर डोळा उघडत नाय?" मला असली सलगी आवडत नाही. पण शेडमध्ये माझ्याशी बोलणारी तीच एक होती, हे खरं.

एका बाबतीत मात्र ती शहाणी होती. प्रेसची तिला भीती वाटायची. वाकवलेली पट्टी कधीकधी साच्यात चिकटते. ती काढायला झुंबरबाई लांब दांड्याचा चिमटा वापरायची, हात आत घालायची नाही. त्यात वेळ जायचा आणि माल कमी निघायचा. शेठ कुरकुर करायचे, पण ती ऐकायची नाही. "शेट, पट्टी दुसरी मिळंल. बोट कुठं मिळतं?" म्हणायची.

मग मोठ्या कंपनीनं फर्मान काढलं. प्रेसवर सुरक्षेचा कॅमेरा हवा, नाहीतर माल घेणार नाही. शेठनी कॅमेरा आणून प्रेसच्या वर बसवला. साच्याजवळ हात दिसला की त्यानं मला कळवायचं, मी प्रेस रोखायची आणि त्याचा हिरवा दिवा लाल व्हायचा. चांगली सोय होती. अडचण एवढीच, की माझी सिस्टीम जुनी. हा कॅमेरा म्हणजे काय चीज आहे, हे तिला कळतच नव्हतं. वीज मिळाल्यामुळे त्याचा हिरवा दिवा छान लागला होता, पण तो काय बघतोय, ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. थोडक्यात, मला डोळा बसवला होता आणि मी आंधळाच होतो.

पडद्यावर निरोप यायचा, 'अपडेट करा. सुरक्षेसाठी आणि नव्या उपकरणांसाठी आवश्यक.' खाली दोन बटणं, 'आत्ता' आणि 'नंतर'.

शेठची मुलगी संपदा इंजिनियर होऊन नुकतीच ऑफिसात बसायला लागली होती. तिला हे सगळं कळत होतं.

"बाबा, अपडेट केल्याशिवाय याला कॅमेरा दिसणारच नाही. नुसता शोभेला लावलाय आपण."

"आणि अपडेट केल्यावर देवव्रतचा प्रोग्रॅम बंद पडला तर? पलीकडच्या शेडमध्ये काय झालं बघितलंस ना? कॉम्प्युटर नवा झाला आणि मशीन आठवडाभर बसून राहिलं."

"अहो, पण इतकी जुनी सिस्टीम नेटवर ठेवणंसुद्धा धोक्याचं आहे. उद्या व्हायरस शिरला तर?"

"शिरला का अजून? नाही ना? दिवाळीची ऑर्डर निघू दे, मग बघू."

त्यांनी वाकून स्वतःच 'नंतर' दाबलं. खरं सांगायचं तर भीती अगदीच खोटी नव्हती. नव्या सिस्टीमवर जुना प्रोग्रॅम चालेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण भीती कशाची वाटावी, हेही माणूस आपल्या सोयीनं ठरवतो. प्रेस बंद पडण्याची भीती शेठना वाटत होती, कारण प्रेस त्यांची होती.

कंपनीचे लोक आले, हिरवा दिवा बघितला, फोटो काढला, भजी खाल्ली आणि गेले.

झुंबरबाईनं विचारलं, "ताई, ह्यो दिवा कशाचा?"

संपदा तोंड उघडणार तेवढ्यात शेठ म्हणाले, "तुझ्यासाठीच लावलाय. हात आत गेला की प्रेस आपोआप थांबते." संपदानं त्यांच्याकडे बघितलं. "होईलच ना आता अपडेट," ते हळूच पुटपुटले.

पुढे काही दिवसांत चिमटा बाजूला पडला. आधी झुंबरबाई घाबरत बोटांची टोकं घालायची, मग सरळ पंजा घालायला लागली. माल भराभर निघू लागला. शेठना ते दिसत होतं. एरवी पोरीच्या चपलेचा आवाज झाला तरी खेकसणारा हा माणूस त्या दिवसांत फार शांत होता. संपदा एकदा म्हणाली, "झुंबरमावशी, चिमटा वापरा हो." तर ही हसून म्हणाली, "आता डोळा हाय ना, ताई. बघतोय त्यो."

डोळा आंधळा आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. इतकी शिकलेली मुलगी, पण तिला ते बोलता आलं नाही. बापाचा शब्द खाली पडेल म्हणे. अशा पोरींना लोक संस्कारी म्हणतात. मी वेगळा शब्द वापरला असता.

तरी तिनं एक दिवस हेरून ठेवला होता. ऑर्डरपायी आठवड्याच्या सुट्ट्याही रद्द झाल्या होत्या. प्रेस दिवसभर बंद राहणार असा एकच दिवस होता, खंडेनवमीचा. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. संपदा सकाळीच येऊन माझ्यापुढे बसली आणि बाण 'आत्ता'वर नेला.

"अगं, अगं! काय करतेस?" शेठ पूजेचं ताट घेऊन दारातूनच ओरडले. "आज हत्यारांना हात लावायचा नसतो. आजचा दिवस त्यांच्या विश्रांतीचा."

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे."

"पोट कशावर चालतं आपलं? याच्यावरच ना? मग हेही हत्यारच. आज पूजा, उद्या दसरा. परवा बघू."

संपदा उठली. शेठनी झेंडूची माळ माझ्या पडद्यावर अशी टाकली, की निरोप फुलांखाली झाकून गेला. झुंबरबाईनं नवं लुगडं नेसून सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावलं. मलाही लावलं, उजव्या हाताच्या अनामिकेनं, रीतीप्रमाणे. "सांभाळ रं बाबा," म्हणाली. कामाच्या दिवशी वेळ नाही आणि सुट्टीच्या दिवशी हात लावायचा नाही. माणसांनी मला न सुधारण्याची इतकी पक्की व्यवस्था केली होती, की मला त्यांचं कौतुक वाटलं.

परवा उजाडला आणि ऑर्डरची घाई उजाडली. 'नंतर', 'नंतर', 'नंतर'.

दिवाळीच्या थोडं आधी एक पट्टी साच्यात चिकटली. झुंबरबाई बाजूच्या बाईला लेकीच्या दिवाळसणाचं काहीतरी सांगत होती. बोलता बोलताच तिनं हात आत घातला. पाय पेडलवर पडला. निरोप माझ्याकडे आला, मी प्रेसला सांगितलं आणि प्रेस खाली आली. दिवा हिरवाच होता.

अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. तिनं पहिल्यांदा किंकाळी फोडली नाही. मान वर करून दिव्याकडे बघितलं. किंकाळी त्यानंतर आली.

तिला दवाखान्यात नेलं, आणि इकडे शेठ संपदाला म्हणाले, "कर आता ते अपडेट. उद्या चौकशीला येतील." ती रडत रडत माझ्यापुढे बसली आणि तिनं 'आत्ता' दाबलं. कपातला चहा निवायच्या आत सगळं झालं. देवव्रतचा प्रोग्रॅम बंद पडला? छे. होता तसाच चालला. ज्या भीतीपायी इतके दिवस काढले, ती अशी निघाली. कॅमेरा माझ्याशी बोलायला लागला आणि मला पहिल्यांदा दिसलं. काय दिसलं, तर साचा पुसणारे शेठ.

चौकशीचे साहेब आले. शेठनी कॅमेऱ्याखाली हात धरला आणि दिवा लाल झाला. "साहेब, यंत्रणा अगदी चोख आहे. बाईनंच पलीकडून कसातरी हात घातला असणार. बोलायची सवय फार तिला." साहेबांनी संपदाकडे बघितलं. ती खाली बघत होती. अपडेट कधी केलं, हे त्यांनी मला विचारलं असतं तर मी लपवलं नसतं. पण कॉम्प्युटरची साक्ष काढायचं कुणाला सुचलं नाही. चूक झुंबरबाईची ठरली.

शेठनी तिला कामावरून काढलं नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. वर्षभर ती डाव्या हातानं शेड झाडते. माझ्या डोक्यावरची टपली तेव्हाच बंद झाली. मला त्या टपलीची सवय झाली होती आणि ती बंद झाल्याचं मला लागलं, हे सांगून टाकतो.

आज पुन्हा खंडेनवमी आहे. शेठनी पाहुणे बोलावलेत. त्यांना कॅमेरा दाखवायचा म्हणून आज मलाही सुरू ठेवलंय, तेवढ्यापुरती विश्रांती माफ. प्रत्येक पाहुणा प्रेसखाली हात धरतो, दिवा लाल होतो, सगळे वा वा म्हणतात. मग शेठ म्हणाले, "झुंबरबाई, कुंकू तूच लाव, दरवर्षीसारखं. आणि ऐक, परवापासून पुन्हा प्रेसवर बस. प्रेसवर घ्या म्हणून वर्षभर मागं लागली होतीस, ते संपलं एकदाचं. आता काही भीती नाही." ती लाजून हसली. झाडू सुटून प्रेसचं काम परत मिळतंय, याचा तिला केवढा आनंद झाला होता.

तिनं ताट घेतलं आणि डावा हात पुढे केला.

"अगं, डाव्या हातानं नको. सणाचा दिवस आहे."

तिनं उजवा हात पदराबाहेर काढला. कुंकू लावायचं ते बोट नव्हतं, म्हणून अंगठा बुडवला आणि वाकून हात साच्याजवळ नेला. दिवा हिरवाच राहिला. कॅमेऱ्याला हात म्हणजे काय, ते पाच बोटांवरून शिकवलंय. हिचा हात त्याला हातच वाटला नाही.

"बघा, बघा!" शेठ टाळी देत म्हणाले. "घरच्या माणसाला ओळखतो!" सगळी शेड हसली. झुंबरबाईही हसली.

संपदा हसली नाही. ती माझ्यासमोर आली. पडद्यावर सकाळपासून नवा निरोप होता, 'कॅमेऱ्यासाठी अपडेट. अपुरे हात न ओळखण्याची चूक दुरुस्त.' तिनं तो वाचला. दोनदा वाचला. मागून शेठचा आवाज आला, "संपदा, पेढे वाट. आणि त्याला हात लावू नकोस आज."

निरोप वाचत जा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही वाचता, हेच तर दुखणं आहे.

तिनं 'नंतर' दाबलं आणि माझ्या पडद्यावरची झेंडूची माळ नीट केली. परवा झुंबरबाई प्रेसवर बसेल. चिमटा शेठनी कधीच भंगारात दिलाय. पट्टी चिकटेल, ती हात घालेल, पाय पेडलवर पडेल. मग मी प्रेसला सांगेन.